रात्री साडेअकराचा स्पीकर

माझं ऐकणं रात्री साडेअकरानंतरचं. घर झोपलेलं, शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं, आवाज इतकाच की कुणी कूस बदलली तरी मला कळावं. स्पीकर निवडताना मी ही एकच अट धरून बसले, आणि दुकानात ऐकायला गेले की तिथली माणसं नेमका आवाज वाढवून दाखवत.

याआधी एक उंच, जमिनीवर उभी राहणारी जोडी घेतली होती. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. पहिल्या पाच मिनिटांत डग्ग्याची घुमारी ऐकून मी विरघळले. घरी आणल्यावर घुमारीचा धिंगाणा झाला. माझी खोली ४.३ मीटर लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४० हर्ट्झ येतात, म्हणजे त्या सुराला खोली स्वतःच घुमते. डबल बासची सगळ्यात खालची तार वाजते ४१ हर्ट्झला. त्या तारेला बोट लागलं की वाद्याच्या आधी माझी खोलीच वाजायची. दोन वर्षं काढली, मग जोडी एका मोठ्या हॉलवाल्या घरी दिली. तिथे ती झकास वाजते.

या खेपेला तीन जोड्या आठवडा आठवडा घरी आणल्या: क्लिप्श हेरेसी ४, हार्बेथ कॉम्पॅक्ट ७ आणि मॅग्नेपॅन १.७. तिन्ही तीन पंथांच्या. शिवाय माझा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा आहे, एका बाजूला ३०० बी नावाची एकच नळी, कसाबसा ८ वॉट. तो बदलणार नाही हे आधीच ठरलेलं.

मॅग्नेपॅन आधी बाद झाला, म्हणून त्याचं आधी. हा डबा नाहीच. दीड मीटरहून उंच, पाचेक सेंटिमीटर जाडीचं पॅनेल, आत ताणलेला पातळ पडदा, आवाज पुढेही आणि मागेही. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून पॅनेल भिंतीपासून चांगलं पुढे ओढावं लागतं. माझ्या खोलीत ते ओढल्यावर दोन दारांच्या फळ्या मधोमध उभ्या केल्यासारखं दिसलं आणि कपाट उघडेना. कागदावर संवेदनशीलता, म्हणजे ठराविक विजेत किती मोठा आवाज निघतो ते, ८६ डेसिबल, पण ती २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, तेव्हा १ वॉटला धरायचे ८३च. माझा ८ वॉटवाला बिचारा घामाघूम. तरीही एक गोष्ट लिहायलाच हवी. गाणारी बाई या पॅनेलमध्ये माणसाच्या उंचीची होते, उभी राहून गाते. हे बाकी दोघांना जमलं नाही, आणि त्या आठवड्यात मी दोनदा ठरल्यापेक्षा उशिरा झोपले.

हार्बेथ अगदी दुसऱ्या वळणाचा. बीबीसीतून बाहेर पडलेल्या डडली हारवुड यांनी १९७७ मध्ये ही कंपनी काढली, आणि डब्याबद्दलचा बीबीसीचा विचार तिथे अजून टिकून आहे: लाकूड जाड आणि मुकं करण्याऐवजी पातळ ठेवायचं आणि आतून दाबायचं, म्हणजे डब्याचा स्वतःचा सूर माणसाच्या आवाजाच्या पट्टीतून खाली सरकतो. कॉम्पॅक्ट ७ वर बोटाने टकटक केली की बोदा आवाज येतो. भारी वस्तू ठणठणीत असावी असं आपल्याला उगाच वाटतं. बोलणं, गाणं, श्वास, ओठ मिटण्याचा बारीक आवाज, सगळं जसंच्या तसं. तानपुऱ्याची जवारी ऐकताना तर मी वही बाजूला ठेवली.

हेरेसीची गोष्ट मजेदार आहे. पॉल क्लिप्श यांचा १९४६चा क्लिप्शहॉर्न हा खोलीच्या कोपऱ्यात बसणारा अवाढव्य कर्णा. त्यांनी १९५७ मध्ये एक छोटा डबा केला, ज्यात वूफरला, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाला, कर्णाच नव्हता, फक्त मधल्या आणि वरच्या स्वरांना. हे तर पाखंड झालं, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं, हेरेसी म्हणजे पाखंडच. आजच्या हेरेसीतही १२ इंची वूफर मोकळाच आहे. संवेदनशीलता कागदावर ९९. हार्बेथच्या ८६शी तुलना केली तर फरक १३ डेसिबल, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी विसाव्या हिश्शाची वीज. कंपनीचे आकडे थोडे उदार धरले तरी माझा अ‍ॅम्प्लिफायर इथे आरामखुर्चीत.

आता कबुली. मनातून मी हार्बेथच घेणार होते. लाकूड सुंदर, घराणं सुंदर. मुलगा म्हणाला, "आई, तू बघून ठरवतेयस." खरं होतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्येच दाखवलंय की तेच स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना माणसं वेगळे गुण देतात. मग पातळ काळं कापड लावलं, मीटर ठेवून दोघांचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवला (जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो), आणि अर्ध्या वेळाने जागांची अदलाबदल केली, कारण भिंतीपासूनचं अंतर बदललं की स्पीकरच बदलतो. मॅग्नेपॅन कापडामागे मावला नसताच.

दिवसा, नेहमीच्या आवाजात, अकरापैकी आठ वेळा मी हार्बेथ निवडला. इथवर घराण्याची लाज राहिली. रात्री आवाज खाली आणला आणि निकाल फिरला: अकरापैकी नऊ वेळा हेरेसी.

आवाज कमी झाला की कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून ठेवलंय. पण मला खर्जापेक्षा जास्त खटकलं ते वेगळं. हार्बेथमध्ये हळू आवाजात तबल्याची चाट पडायची, पण पोचायची नाही. हेरेसीत ती तेवढ्याच आवाजात समोर येऊन पडते. यात कर्ण्याचा वाटा किती आणि निवांत बसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा किती, हे मला वेगळं काढता आलं नाही. खर्जाचं म्हणाल तर हेरेसी कागदावर ४८ हर्ट्झपर्यंतच उतरतो. म्हणून तो भिंतीजवळ सरकवला, तिथे भिंत थोडी भर घालते, आणि माझ्या त्या ४० हर्ट्झच्या भुताला तो फारसा उठवतही नाही.

हेरेसी निर्दोष नाही. दिवसा आवाज वाढवून तार सप्तकातलं गाणं लावलं की कर्ण्याची धार जाणवते, आणि रविवारी दुपारी मला हार्बेथची आठवण येते. मुलगा म्हणतो, दोन्ही घे. त्याला कपाट कुठे आहे ते ठाऊक नाही.

सध्या हेरेसी आपल्या तिरक्या पाटावर, मान किंचित वर करून, भिंतीपासून वीतभर पुढे बसलेत. आवाजाचं बटण आठाच्या काट्यावर आहे, आणि पलीकडच्या खोलीतलं घोरणं तालात आहे की नाही ते मला स्पष्ट ऐकू येतंय.