बेळगावातील एक समुपदेशन केंद्र : प्रश्न विचारण्याची रीत

बेळगावात समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी चालणाऱ्या एका समुपदेशन व तपासणी केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. येणाऱ्यांची ओळख जपली जावी म्हणून केंद्राचे नाव देत नाही. १०९७ या मोफत राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर जवळच्या तपासणी केंद्राची चौकशी करता येते.

केंद्राची खरी जमेची बाजू म्हणजे समुपदेशक ताईंची विचारण्याची रीत. एरवी दारूचा विषय निघाला की आधी उपदेश ऐकावा लागतो आणि मारहाण सांगितली की ‘ते पोलिसांत सांगा’ म्हणून बोळवण होते. इथे ताईंनी आधी विचारले, घरात किंवा बाहेर कोणी हात उगारते का, लग्नासाठी कधी कोंडून ठेवले होते का. मग, त्या दिवसांत झोप यावी म्हणून काय घेत होता. आणि शेवटी, नशेत निरोधाचे भान राहते का. मार, दारू आणि संसर्ग एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे सांगणाऱ्यालाच बोलता बोलता उमगत जाते. जबरदस्ती झाली असेल तर एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे होईल तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि भेदरलेला माणूस दोन दिवस दारूत काढतो तेव्हा नेमका हाच वेळ हातचा जातो, हे त्यांनी फार कळकळीने सांगितले. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, असेही त्यांनी बजावले.

सौंदत्तीकडून आलेल्या जोगप्पांना, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेषात राहणाऱ्या व्यक्तींना, त्यांनी स्वतः सांगितलेल्या नावानेच हाक मारली जात होती.

तक्रारी दोन आहेत. संमतिपत्र फक्त कन्नडमध्ये आहे. ताई ते मराठीत समजावून सांगतात. परंतु २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याला चाचणीआधी समजून-उमजून दिलेली संमती अपेक्षित असताना, सही करणाऱ्याला कागद स्वतः वाचता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. दुसरे, केंद्र पाच वाजता बंद होते. उद्यमबागच्या कारखान्यांत दिवसपाळी करणाऱ्याने घरी आणि मुकादमाला काय सांगून निघायचे? आठवड्यातून एक संध्याकाळ तरी केंद्र उघडे ठेवावे आणि मराठी संमतिपत्र छापून घ्यावे, अशी लेखी विनंती मी तिथे दिली आहे.