घरगुती पियानो रोल पंचिंग यंत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

88 सुरांच्या प्लेयर पियानोचे (कागदी रोलवरच्या भोकांनुसार हवेच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या पियानोचे) रोल घरी पंच करायला शंभर सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ढकलणारी कॉइल) लागत नाहीत, दोन पुरतात. पंच आणि डाय (कागदाखालचे, पंच ज्यात शिरतो ते भोक) जागच्या जागी पक्के ठेवायचे आणि त्यांच्यावरून फक्त हातोडा फिरवायचा. महिनोन्‌महिने चालवल्यावरही हीच रचना सुचवावीशी वाटते. एकच सरकता पंच असलेले यंत्र वरवर स्वस्त दिसते, पण त्यात कागदाखालची डायही पंचाबरोबर तितक्याच अचूकपणे सरकावी लागते. साध्या रुळांवर ही जुळणी टिकत नाही आणि भोकांच्या कडा फाटू लागतात.

मापे 1908 साली अमेरिकेत बफेलो इथे रोल बनवणाऱ्यांच्या बैठकीत ठरली तीच: कागद सव्वाअकरा इंच रुंद, इंचाला नऊ भोके, म्हणजे दोन भोकांत 2.822 मिमी. एवढ्याशा जागेत पंचाचे डोके आणि स्प्रिंग मावत नाहीत. म्हणून पंच दोन ओळींत, एक आड एक. ओळींमध्ये 12 मिमी अंतर ठेवून कागद 0.8 मिमीच्या टप्प्याने सरकवला, की प्रोग्रॅममध्ये बरोबर 15 टप्प्यांचा फरक धरायचा. पंच 1.8 मिमी सिल्व्हर स्टीलचे, टोके कडक केलेली. गाइड प्लेट आणि डाय प्लेट एकत्र आवळून एकाच बैठकीत ड्रिल करा आणि मगच रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवा. सगळ्या यंत्राची अचूकता या एका कामात आहे.

हातोड्याच्या पट्ट्याला 20 दातांची पुली आणि मिलिमीटरला मोटरच्या 80 स्टेप्स असतील, तर एका सुराला 225.78 स्टेप्स येतात. दर सुराला सरळ 226 धरले तर 87 सुरांनंतर 0.24 मिमी चूक साचते. प्रत्येक जागा शून्यापासून मोजावी हे खरेच, पण इथे हातोडा किंचित चुकला तरी भोक जागेवरच पडते.

सगळ्यात जास्त त्रास सोलेनॉइड तापण्याचा. कॉइल तापली की जोर घटतो आणि टिकली (भोकातून निघणारा कागदाचा तुकडा) पूर्ण न तुटता लोंबकळत राहते. स्ट्रोक (दांड्याची धाव) 3 मिमीच्या आत ठेवा, ठोका झाला की लगेच वीज तोडा. स्प्रिंग अडकून पंच खालीच राहिला आणि कागद सरकला, तर तो थेट फाटतो. त्यामुळे पंच वर आल्याची खात्री करणारा ऑप्टिकल सेन्सर हवाच. तो ‘हो’ म्हणाल्याशिवाय स्टेपर मोटर हलता कामा नये. डायखालून टिकल्या सतत व्हॅक्यूमने ओढून घ्या.

कागद थोडा रुंद घ्यावा आणि पंचाच्या पुढे चौकटीलाच बसवलेल्या दोन पात्यांनी कापावा. भोके आणि कड यांचे अंतर मग आपोआप कायम राहते. दमट हवेत कागद रुंदीत फुगतो. अर्धा टक्का फुगला तरी 286 मिमीवर जवळजवळ दीड मिमी, म्हणजे दोन सुरांच्या भोकांतले निम्मे अंतर इकडेतिकडे. कोरा कागद आणि यंत्र एकाच खोलीत ठेवा.

लांब सुरासाठी सलग फट पाडू नये, कागद कमजोर होतो. सुरुवातीची चारेक भोके एकमेकांवर चढवून पुढे दर तिसऱ्या टप्प्याला एकच भोक पाडले, की मध्ये 0.6 मिमीचा पूल उरतो. ट्रॅकर बारचे (पियानोतल्या, रोल जिच्यावरून सरकतो त्या छिद्रांच्या पट्टीचे) छिद्र याहून उंच असल्याने हवा तुटत नाही. तोच सूर लगेच पुन्हा वाजायचा असेल, तर आधीची फट लवकर संपवा, नाहीतर सूर वाजवणारा हवेचा भाता परतायच्या आत दुसरे भोक येते आणि दोन ठोक्यांचा एकच होतो.

रोलवर लिहिलेला टेम्पो 70 म्हणजे कागदाचा वेग मिनिटाला सात फूट, पण फक्त सुरुवातीला. 50 मिमी व्यासाच्या रिळावर 0.08 मिमी जाडीचा कागद तीन मिनिटे गुंडाळला, की व्यास 56 मिमीवर जातो आणि वेग 12 टक्क्यांनी वाढतो. भोकांमधले अंतर त्याच प्रमाणात वाढवत न्यावे, नाहीतर शेवटी गाणे पळते.

सेकंदाला चार ठोके धरले, तर 12 हजार भोकांच्या रोलला 50 मिनिटे लागतात. घरच्या कामाला हे पुष्कळ झाले. झीज मधल्या सप्तकांच्या पंचांची आधी होते; ते काढून दोन्ही टोकांच्या, क्वचित वापरातल्या पंचांशी अदलाबदल करा.