वाकडमधलं १२ हजारांचं घर

हिंजवडीत नोकरी लागली म्हणून पुण्यात घर शोधायला येणाऱ्यांनी, त्यातही आमच्या मराठवाड्यातून येणाऱ्यांनी, हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे ६० हजार रुपये गेले. खरं तर माझे नव्हतेच ते, अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे होते. ऑक्टोबरात काढलेलं सोयाबीन भाव येईल म्हणून त्यांनी घरात थप्पी मारून ठेवलं होतं. त्या हंगामात (२०२४-२५) हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात मात्र त्याच्या खालीच भाव. मे महिन्यापर्यंत थांबून शेवटी माझ्या डिपॉझिटसाठी त्यांनी १४ क्विंटल विकलं. त्या पोत्यांचे पैसे मी एका भामट्याच्या हातात मोजून दिले.

२ जून २०२५ ला रुजू व्हायचं होतं. पगार हातात ३२ हजार, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. लातूरला पाच हजारांत तीन खोल्या आणि अंगण होतं. पुण्यात भाड्याला अकरा-बारा हजारांच्या वर गेलो तर महिनाअखेर उधारी करावी लागणार, हा हिशेब वहीत मांडूनच निघालो होतो.

१० आणि ११ मे, शनिवार-रविवार, वर्गमित्राच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं फिरलो. वाकडला कस्पटे वस्ती, दत्त मंदिर रस्ता या भागात वन बीएचके १९-२० हजारांच्या खाली कुणी बोलेना, वर मेंटेनन्स वेगळा. ताथवडे, पुनावळ्याला नवे टॉवर, तिथे बहुतेक टू बीएचकेच. मारुंजीत १३ हजारांत एक घर आवडलं होतं, पण मारुंजी, माण, हिंजवडी ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाहीत, ग्रामपंचायतीत आहेत. त्या इमारतीला पाणी टँकरचं होतं आणि टँकरचा खर्च दर महिन्याला घरटी वाटून घ्यायचा होता. हे भाडं सांगताना कुणी सांगत नाही. खाली उभ्या असलेल्या एका काकूंनी सांगितलं म्हणून कळलं. थेरगाव, रहाटणी, काळेवाडीकडे जुन्या इमारती, खाली मालक आणि वर भाडेकरू, भाडं दहा ते चौदा हजार. महापालिकेचं पाणी तिथे येतं, पण नोव्हेंबर २०१९ पासून सगळ्या शहरात दिवसाआडच येतं. आणि तिथून हिंजवडीला जायचं म्हणजे डांगे चौक आणि भूमकर चौकातून. संध्याकाळी सहा वाजता भूमकर चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

रविवारी दुपारी पाय मोडल्यासारखे झाले होते. त्याच वेळी घरं शोधायच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिसली. वाकड, वन बीएचके, लिफ्ट, पार्किंग, भाडं १२ हजार, दलाल नाही. फोन केला. समोरून म्हणाला, "भाऊ, बोलण्यावरून लातूरकडचे वाटता. मी पण अहमदपूरचा."

इथेच माझी अर्धी शंका गळून पडली. परक्या शहरात दोन दिवस नकार ऐकल्यावर आपल्या बोलीतला आवाज कानावर पडला की माणूस मऊ होतो. हे त्याला पक्कं माहीत होतं. नंतर कळलं, माझ्यासारख्याच फसलेल्या अमरावतीच्या एका जोडप्याला त्याने आपलं आजोळ परतवाड्याचं सांगितलं होतं.

घर खरंच होतं. चावी त्याच्याकडे होती, दार त्यानेच उघडलं, पंखे लावून दाखवले. घर नागपूरच्या मामांचं आहे, मामा येऊ शकत नाहीत, त्यांनी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार दिलाय, असं म्हणून त्याने नोटरीचा शिक्का असलेली झेरॉक्स दाखवली. वीजबिल दाखवलं, त्यावर मामांचं नाव बरोबर होतं. भाडं इतकं कमी का, हे मी विचारलं. विचारलं नाही असं नाही. म्हणाला, "मामांना पैशाची गरज नाही, फॅमिली पाहिजे. बॅचलर पोरांनी मागच्या वेळी घराची वाट लावली." उत्तर पटण्यासारखं होतं. मला ते पटून घ्यायचंच होतं.

संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, तुम्ही टोकन टाकलं तर जाहिरात काढतो, असं म्हणाला. मी तिथेच ५ हजार यूपीआयने टाकले. स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे," तो म्हणाला. मित्राने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

पुढच्या रविवारी, १८ मेला, करार झाला. चार महिन्यांचं डिपॉझिट ४८ हजार आणि पहिलं भाडं १२ हजार. टोकन वजा जाता ५५ हजारांतले २५ त्याच खात्यावर आणि ३० रोख. रोख का, तर मामांना कर लागतो. करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या शिक्क्याचा. मी म्हटलं, ऑनलाइन नोंदणी करतात म्हणे? तो हसून म्हणाला, "करू की. पण दोन-अडीच हजार जातील आणि मामांना अंगठ्यासाठी यावं लागेल. तुमचेच पैसे वाचवतोय भाऊ."

माझी सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

नोटरीचा शिक्का म्हणजे घर त्या माणसाचं आहे याचा पुरावा, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. नोटरी फक्त कागदावर सही करणारा समोर होता एवढंच सांगतो. घर कुणाचं, हे तो बघत नाही. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑनलाइन नोंदणीत मालक आणि भाडेकरू दोघांचा आधारशी जोडलेला अंगठा मशीनवर घेतात, फोटो काढतात. त्यासाठी उपनिबंधक कार्यालयातही जावं लागत नाही, एजंट मशीन घेऊन घरी येतो. मालक दुसऱ्या गावी असेल तर तो तिथल्या एजंटाकडे जाऊन अंगठा देऊ शकतो. म्हणजे "मामांना यावं लागेल" हेही खोटंच होतं. भामटा गोड बोलेल, चावी देईल, वीजबिल आणेल, पण दुसऱ्याचा अंगठा कुठून आणणार? नेमकी हीच एक गोष्ट त्याला जमणार नव्हती, आणि तीच त्याने मला बचत म्हणून विकली. त्या बचतीचा हिशेब सांगतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, म्हणजे माझ्यासारख्याला चारशेच्या आसपास. वर एजंटाचे पैसे.

३१ मे, शनिवार. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता. लातूरहून रात्री निघालेला टेम्पो ताडपत्री बांधून सकाळी नऊला सोसायटीच्या गेटवर आला. मुलगी बायकोच्या मांडीवर झोपलेली. वॉचमनने फ्लॅटचा नंबर ऐकला आणि वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "तुम्ही चौथे."

आत ऑफिससमोर ते अमरावतीचं जोडपं सामानाच्या खोक्यांवर बसलेलं होतं. दोन पोरं सकाळीच येऊन चौकीवर गेली होती. फ्लॅटला दुसरंच कुलूप. सोसायटीच्या मॅनेजरने खऱ्या मालकांना फोन लावून दिला. ते नागपूरला राहतात, एवढं मात्र खरं होतं. पण हा त्यांचा भाचा नव्हता, भाडेकरू होता. एप्रिलमध्ये त्याने घर भाड्याने घेतलं, एक महिन्याचं भाडं आणि थोडं डिपॉझिट देऊन. पुढचं भाडं नाही, फोन बंद. आणि त्यांनीही करार नोंदवला नव्हता, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही दिली नव्हती. माणूस चांगला वाटला, म्हणाले. वीजबिल तर दर महिन्याला घराच्या दारातच येऊन पडत होतं.

त्या गृहस्थांवर मी चिडलो, फोनवर नको ते बोललो. ते ऐकून घेत राहिले. आज वाटतं, बोलायला नको होतं. पण घरमालकांनो, तुम्ही दोन हजार वाचवता तेव्हा तुमच्या घराची चावी अशा माणसाच्या हातात जाते आणि त्याची किंमत आमच्यासारखे मोजतात, हे मी आजही म्हणेन.

सोसायटीच्या ऑफिसात मी ११ तारखेलाच दोन मिनिटं गेलो असतो तर वाचलो असतो. मॅनेजरला मालक तोंडओळखीने माहीत होते. कुणी विचारलं असतं तर त्याने त्याच क्षणी फोन लावून दिला असता. आम्ही चौघांपैकी कुणीच विचारलं नाही, कारण तो भामटा प्रत्येकाला मागच्या गेटने घेऊन आला होता, पार्किंग दाखवत दाखवत.

१९३० वर फोन केला. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तक्रार घेतली, पण पैसे ज्या खात्यात गेले तिथे शिल्लक असतील तरच ते गोठवता येतात, आणि मला तेरा दिवस उलटून गेले होते. म्हणून ज्यांना आज, आत्ता शंका येतेय त्यांनी हे पूर्ण वाचायच्या आधी तो फोन करा. रोखीचे ३० हजार तर कुठल्याच नोंदीत नाहीत. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक हाताने लिहिलेली पावती आहे, खोट्या नावाची.

चौकीवर आधी "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा" असं सांगून परत पाठवलं. इथे बायकोचा मामेभाऊ, जो वकील आहे, तो उपयोगी पडला. तो म्हणाला, एकेकटे जाऊ नका. एकाच आठवड्यात एकच घर चौघांना दिलं याचा अर्थ सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता, आणि तसा हेतू असला की तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा होतो. चौघांनी मिळून तारीखवार लेखी तक्रार दिली, सोबत यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, जाहिरातीचे स्क्रीनशॉट. तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट नव्हता, तोवर ती अ‍ॅपवरून निघालेली. अमरावतीच्या ताईंनी काढून ठेवला होता. घर बघायला जाण्याआधी तेवढा काढून ठेवा. माणूस अजून सापडलेला नाही.

अण्णांना सांगायला मला आठ दिवस लागले. ते रागावले नाहीत. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "लेकरू कुठं झोपतंय सध्या?"

लेकरू तेव्हा मित्राच्या हॉलमध्ये झोपत होतं. पंधरा दिवस आम्ही तिथे काढले. त्याच्या बायकोने एकदाही कपाळाला आठी पाडली नाही, हे मी विसरणार नाही. मग थेरगावला घर मिळालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसाआड पाणी, १३,५०० भाडं. माझ्या वहीतल्या आकड्याच्या वर. हिंजवडीला जायला सकाळी चाळीस मिनिटं, यायला कधी सव्वा तास. डिपॉझिट ४० हजार, ते कंपनीतल्या एकाने उसने दिले.

मालक सत्तरीचे काका, खालीच राहतात. मी त्यांच्याकडे खरेदीखताचा इंडेक्स टू (घर कुणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा कागद) आणि मालमत्ता कराची पावती मागितली तेव्हा माझी मलाच लाज वाटत होती. वाकडची गोष्ट सांगितल्यावर ते आत गेले आणि सगळी फाइलच घेऊन आले. पैसे करार नोंदवल्यावरच, आणि फक्त काकांच्या खात्यावर देईन, असं म्हटलं. चालेल म्हणाले.

एजंट मशीन घेऊन आला तेव्हा काकांचा अंगठा उठेना. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेला हात, रेषाच झिजलेल्या. एजंट म्हणाला, ओटीपीवर होतं का बघू. काका नको म्हणाले. काकूंनी ओलं फडकं आणून बोट पुसलं, मग कोरडं केलं. चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला.

दोन दिवसांनी नोंदणी झालेला करार आला. मी तो अण्णांना पाठवला. त्यांना मोबाइलवर बारीक अक्षरं दिसत नाहीत, शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं असणार. रात्री फोन आला.

"नाव त्या म्हाताऱ्याचंच हाय न्हवं, कागदावर?"

"त्यांचंच हाय अण्णा. अंगठा माझ्यासमोर दिला."

"मग दे पैसे," म्हणाले.