कोथरूडच्या वेब एजन्सीकडून १८+ मेंबरशिप साइट करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू (५ पैकी २)

आधी सांगते, एजन्सीचं नाव लिहिणार नाहीये. अजून डोमेन त्यांच्याच ताब्यात आहे त्यामुळे मला पंगा नकोय. कर्वे पुतळ्यापासून चालत पाच मिनिटांवर ऑफिस, दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, एवढ्यावरून कोणी ओळखलं तर ओळखा, तिथे अशी चार तरी ऑफिसं आहेत.

तर आमचं काम असं. माझी वहिनी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वीस वर्षं प्रॅक्टिस, आणि ती कायम म्हणते की लग्न होऊन पाच पाच वर्षं झालेली जोडपी येतात आणि त्यांना बेसिक गोष्टी माहिती नसतात, विचारायला लाजतात, आणि मग मोबाईलवर जे दिसतं त्यालाच खरं मानतात. म्हणून मराठीत, फक्त प्रौढांसाठी, पैसे भरून मेंबर व्हायचं अशी साइट काढायची ठरलं. वहिनीचे व्हिडिओ, चित्रं, नाव न सांगता प्रश्न विचारायची सोय, महिन्यातून एकदा लाइव्ह. १९९ रुपये महिना. पोर्न नाही, हे दहा वेळा सांगावं लागलं, एजन्सीला पण आणि माझ्या सासूबाईंना पण. सासूबाईंना पहिल्या वेळी कळलं.

एजन्सीने कोटेशन दिलं १ लाख ४० हजार अधिक जीएसटी, तीन हप्ते, "मॅडम टू मंथ्समध्ये लाइव्ह, एंड टू एंड सगळं आमच्याकडे". सगळं या शब्दात काय काय येतं ते मी विचारलं नाही ही माझी चूक.

चांगलं आधी लिहिते. डिझाइन खरंच छान केलंय. मराठीसाठी मुक्ता फॉन्ट वापरला, जोडाक्षरं कुठेही तुटत नाहीत, स्वस्तातल्या अँड्रॉइडवर पण साइट पटकन उघडते, आणि डिझाइन करणारी मुलगी हुशार होती, चित्रं कशी असावीत यावर वहिनीबरोबर दोन तास न लाजता बसली. तिच्यासाठी चार स्टार. बाकीच्यांनी ते खाली आणले.

आता पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर लोकांकडून पैसे घेऊन ते आपल्या खात्यात टाकणारी कंपनी. हा विषय त्यांनी लाँचच्या आठ दिवस आधी काढला! तोपर्यंत आम्ही तारीख जाहीर केलेली, वहिनीच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर छोटं कार्ड ठेवलेलं. अप्लाय केलं आणि तिसऱ्या दिवशी रिजेक्ट. का, तर होमपेजवर सगळ्यात वर लाल पट्टीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "१८+ अडल्ट मेंबरशिप". आता भारतातल्या गेटवेंच्या चालणार नाही वाल्या यादीत जुगाराच्या शेजारी अडल्ट हा शब्द असतोच, तपासणाऱ्याने पट्टी बघितली आणि पुढे वाचलंच नाही, मी तरी काय वेगळं केलं असतं. शिवाय रिफंड पॉलिसीचं पान रिकामं होतं आणि प्रायव्हसी पॉलिसी कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानाची कॉपी केलेली, त्यात "एक्स्चेंज सात दिवसात, टॅग काढलेला नसावा" असं वाक्य तसंच राहिलेलं. टॅग!

यावर त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरने काय सुचवावं? म्हणे आपण साड्यांची एक डमी साइट दाखवून अप्रूव्हल घेऊ मॅडम आणि नंतर लिंक बदलू, सगळे करतात. मी तिथेच उठले. असलं सापडलं की अकाउंट बंद होतं, आत अडकलेले पैसे होल्डवर जातात, आणि पुढे दुसरीकडे अप्लाय करायचं तोंड राहत नाही. मग म्हणे बाहेरच्या देशातला गेटवे घेऊ, अडल्टवालेच असतात. ते असतात हे खरंय, पण त्यांचं कमिशन आपल्याकडच्या दोन टक्क्यांच्या कितीतरी पट, कार्ड कंपन्यांची हाय रिस्क म्हणून वर्षाची वेगळी फी, वर आपल्याच पैशातला काही भाग ते महिनोन्महिने राखून ठेवतात. आणि मास्टरकार्डने तर ऑक्टोबर २०२१ पासून नियमच केलाय की असल्या साइटवर जो माणूस दिसतो त्याचं वय आणि ओळख तपासल्याचे कागद ठेवा, कंटेंट टाकायच्या आधी तपासा, तक्रार आली तर कामाच्या सात दिवसात निकाली काढा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्सने, ती पैसे भरून अडल्ट कंटेंट बघायची परदेशी साइट, स्वतःचाच मुख्य माल बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं आणि आठवडाभरात माघार घेतली, कारण काय दिलं तर बँका. एवढ्या मोठ्यांची ही गत तर कोथरूडच्या आम्ही कोण.

आणि खरोखरच अडल्ट कंटेंट असतं तर इथे बसून तो धंदा करताच येत नाही, हे त्या मॅनेजरला माहितीच नव्हतं. आयटी कायद्याचं कलम ६७ए, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. जुलै २०२५ मध्ये सरकारने अश्लील कंटेंटवरून उल्लू, ऑल्टसकट पंचवीस ॲप आणि साइट ब्लॉक करायला सांगितल्या, पेपरात पहिल्या पानावर होतं. वहिनीला हे सगळं ऐकून राग नाही आला, हसायलाच आलं. ती म्हणाली, ज्या महर्षी कर्व्यांचा पुतळा तुमच्या खिडकीतून दिसतो ना, त्यांच्याच मुलाने, र. धों. कर्व्यांनी, १९२७ मध्ये लैंगिक आरोग्यावरचं मासिक काढलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर, आणि तरी केस हरले. तेव्हा शब्द जपून वापरा रे बाबांनो. एजन्सीतली मुलं खिडकीतून बघायला लागली.

शेवटी आम्हीच केलं. पट्टी काढली, "प्रौढांसाठी आरोग्य शिक्षण" असं लिहिलं, वहिनीचं महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन जोडलं, पॉलिसीची पानं आमच्या ओळखीच्या वकिलाकडून लिहून घेतली, दोन व्हिडिओ दुसऱ्या एका गेटवेला बघायला दिले आणि तीन आठवड्यांनी त्यांचा होकार आला. हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर तारीख हुकली नसती, एवढं साधं आहे.

आता जो किस्सा सांगते तो आठवला की अजून घाम फुटतो. लाँचनंतर महिन्याने सकाळी सव्वासातला फोन. "अहो बाई, हा एटीन प्लस क्लब तुमचाच का?" आवाजावरून सत्तरीचे काका, सदाशिव पेठेतून बोलतोय म्हणाले. मी म्हटलं काका काय झालं. तर त्यांना बँकेचा एसएमएस आला होता की उद्या तुमच्या कार्डावरून एटीन प्लस क्लबला १९९ रुपये जातील. झालं असं की त्यांच्या मुलाने, चांगला बाप्या माणूस आहे हं, लहान पोरगा नाही, वडिलांचं क्रेडिट कार्ड वापरलं होतं आणि "ऑनलाइन कोर्स आहे बाबा, ओटीपी सांगा" म्हणून ओटीपी घेतला होता, जे म्हटलं तर खोटंही नव्हतं. रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून असा आहे की दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचं, आणि कळवताना कोण कापतंय त्याचं नाव जातं. नियम चांगलाच आहे. पण ते नाव काय असावं हे एजन्सीच्या पोराने आम्हाला न विचारता भरलं होतं, त्याला वाटलं क्लब म्हणजे कूल.

मी काकांना मुलाचं नावही सांगू शकत नव्हते ना, मेंबर कोण आहे हे सांगायचं नाही हे तर आम्ही साइटवर वचन दिलेलं. मी एवढंच म्हटलं की काका हा डॉक्टरांचा आरोग्याचा कोर्स आहे. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "मग तसं लिहा की! क्लब कशाला?" आणि फोन ठेवला. यावर मी काय बोलणार, अगदी बरोबर होतं त्यांचं. त्या दिवशी दुपारी नाव बदलून घेतलं, आता बँकेच्या मेसेजमध्ये नुसती आमच्या फर्मची तीन अक्षरं येतात. कोणी असली साइट काढणार असेल तर लोगोच्या आधी हे नाव ठरवा. तोपर्यंत अकरा जणांनी ऑटोपे बंद केलं होतं, त्यांच्याकडे काय झालं असेल देव जाणे.

बंद करण्यावरून आठवलं, मेंबरशिप बंद करायचं बटणच नव्हतं. ठेवलं नाही कारण "रिटेन्शन चांगलं राहतं मॅडम", म्हणजे मेंबर टिकून राहतात. रिटेन्शन कसलं, ज्याला बटण सापडत नाही तो बँकेत तक्रार करतो, मग पैसे तर परत जातातच, वर प्रत्येक तक्रारीची फी आपल्याला.

व्हिडिओची गोष्ट तर विचारूच नका. मला वाटत होतं व्हिडिओ कुलूपबंद आहेत. ते सगळे यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून साइटवर चिकटवलेले, म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्याला फुकट. मला कळलं कसं, तर माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनीचा चौथा व्हिडिओ फिरत आला, खाली कोणीतरी लिहिलेलं "डॉक्टर मस्त समजावतात". मस्त समजावतात म्हणून खुश व्हायचं की १९९ गेले म्हणून रडायचं! नंतर लॉगिन केल्याशिवाय चालणार नाही अशा पेड होस्टिंगवर हलवले, मेंबरचा नंबर व्हिडिओवर पुसट दिसतो असं केलं, तेव्हापासून फिरणं बरंच कमी झालं, थांबलं असं म्हणणार नाही.

सगळ्याचं खापर त्यांच्यावर फोडत नाही. सात दिवस फ्री ट्रायल ही माझीच आयडिया. लाँचला आमच्याकडे व्हिडिओ होते अकरा. लोकांनी सात दिवसात अकराही बघितले, थँक्यू म्हणाले आणि गेले. निदान तीस तयार ठेवून, दर आठवड्याला दोन सोडत गेलं पाहिजे होतं. आणि वय विचारायला नुसता एक चौकोन, टिक केलं की आत, हेही मी चालवून घेतलं, मग वहिनीने झापल्यावर मेंबरशिप फक्त पैसे भरूनच आणि जन्मतारीख विचारूनच द्यायला सुरुवात केली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येकजण मूल धरलाय, त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची परवानगी घ्या असं म्हटलंय, आणि या विषयावर कोण पोरगं आईला परवानगी विचारणार आहे.

सपोर्ट म्हणाल तर पैसे मिळेपर्यंत दहा मिनिटात उत्तर, नंतर "टीमला सांगतो". डोमेन आणि होस्टिंग दोन्ही त्यांच्या एका मुलाच्या पर्सनल जीमेलवर घेतलेलं निघालं, तो मुलगा नोकरी सोडून हिंजवडीला गेला, आणि डोमेन आमच्या नावावर करायचा ओटीपी त्याच्याच मेलवर जातो. माझ्याकडे शेवटचा हप्ता बाकी आहे, वीस हजार. रोज दुपारी त्यांचा मेसेज येतो, "मॅडम बॅलन्स पेमेंट?" आणि मी रोज एकच शब्द पाठवते, "ओटीपी?"