लॅपटॉपमधला व्हायरस काढून घेतला: एम. जी. रोडजवळच्या दुकानाचा अनुभव

नाशकात लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला म्हणून दुकानात गेलं, की काउंटरवरचा मुलगा लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आत काय आहे, विंडोज ओरिजिनल आहे का, बँकेचं काही चालू होतं का, यातलं काहीच कोणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानाने आमच्या घरच्या लॅपटॉपमधले लेकीच्या लहानपणीचे फोटो फॉरमॅटमध्ये घालवले होते. म्हणून या वेळी भेटलेल्या दुकानाबद्दल सविस्तर लिहिते आहे. मेहेर सिग्नलकडून एम. जी. रोडला लागलं की एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नाव देत नाही, कारण दुकानात दोनच माणसं आहेत आणि एकदम गर्दी झाली तर काम घाईत उरकावं लागतं, असं त्यांनीच सांगितलं.

मी घरून छोट्या दुकानदारांचे हिशोब लिहिते. टॅली, एक्सेल, जीएसटीची रिटर्न्स. अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि वीस तारखेच्या आत ३बी, त्यामुळे लॅपटॉप बंद पडणं मला परवडत नाही. घरात लॅपटॉप एकच. संध्याकाळी तो बारावीतल्या लेकीकडे असतो.

ती सीईटीच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधत होती. एका पानावर "मी रोबोट नाही" अशी चौकट आली. खूण केल्यावर पुढची सूचना आली: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तिने केलं. एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि गेली. प्रश्नपत्रिका काही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या इन्स्टाग्रामवरून मैत्रिणींना पैसे दुप्पट करून देण्याचे मेसेज गेलेले होते. क्रोममध्ये काहीही शोधलं की भलतंच पान उघडत होतं, आणि खालच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले" असे लाल डबे उड्या मारत होते. एका डब्यात फोन नंबरही होता. आमच्या यांनी तो लावू दिला नाही, ते बरं केलं. अशा नंबरवर पलीकडचा माणूस लॅपटॉपचा ताबा मागतो.

दुकानातल्या दादांनी लॅपटॉप हातात घेण्याआधी विचारलं, "ताई, वायफाय बंद केलंय ना? आणि यात कुठले कुठले अकाउंट उघडे होते?" मी यादी सांगू लागले तसं त्यांनी मला आणि लेकीला स्टुलावर बसवलं आणि मोबाइलवरून आधी जीमेलचा पासवर्ड बदलायला लावला. लॅपटॉपवरून अजिबात नाही. पासवर्ड बदलून भागत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आपण एकदा लॉग इन केलं की ब्राउझर एक ओळखचिठ्ठी जपून ठेवतो, तिला कुकी म्हणतात. चोराने तीच उचलली तर त्याला पासवर्डची गरजच उरत नाही, ओटीपीचीही नाही. म्हणून जीमेलमध्ये आणि इन्स्टाग्राममध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करायचं, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं. लेकीच्या खात्यात आपण कधी न वापरलेलं एक डिव्हाइस दिसत होतं, ते तिथेच काढलं. मग नेटबँकिंग, मग जीएसटी पोर्टल. माझ्याकडे दुकानदारांचे लॉगिन असतात, त्या प्रत्येकाला मी तिथूनच फोन करून पासवर्ड बदलायला सांगितलं. या सगळ्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. माझ्या मते या दुकानाचं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं, आणि तोवर लॅपटॉप सुरूही झाला नव्हता.

सुरू केल्यावर त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. विंडोज आणि आर दाबलं की जी छोटी चौकट येते, तिच्यात आदल्या दिवशीची कमांड, म्हणजे त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला आणि लेकीने चिकटवलेला हुकूम, तशीच बसलेली होती. ती त्यांनी नोटपॅडमध्ये चिकटवली. सुरुवातीला पॉवरशेल, म्हणजे लिहिलेले हुकूम चालवणारा विंडोजमधलाच प्रोग्राम, मग कुठल्यातरी पत्त्यावरून फाइल उतरवून लगेच चालवायची अगम्य अक्षरं, मग मोठी मोकळी जागा आणि अगदी शेवटी इंग्रजीत "मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक" असं लिहिलेलं. चौकट लहान असते, चिकटवल्यावर ओळीचं शेपूट तेवढं दिसतं. सतरा वर्षांच्या मुलीला तिथे पडताळणी क्रमांकच दिसणार. दादा तिला म्हणाले, "बाळा, तुला रागावण्यासारखं काही नाही यात. ऑफिसातले लोकपण यात सापडतात." हे त्यांनी तिच्या समोर, आम्हाला ऐकू जाईल असं सांगितलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्यांचं म्हणणं खरंच आहे. लुमा नावाचा असाच एक पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये जाहीर केलं, की १६ मार्च ते १६ मे एवढ्या काळात जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज संगणकांत तो सापडला. आमच्याकडे आलेला तोच होता असं दादांनी म्हटलं नाही.

मग त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. कोपऱ्यातले लाल डबे हा व्हायरस नव्हताच. कधीतरी कुठल्या साइटला "अलाउ" म्हटलं गेलं, ती साइट जाहिराती पाठवत होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढली, डबे थांबले. भलतंच पान उघडणारं एक एक्स्टेन्शन होतं, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम, पीडीएफ जोडून देतो म्हणणारा. ते काढलं. आणि तिसरा खरा चोर, जो पडद्यावर काहीच दाखवत नव्हता. आपण घाबरतो लाल डब्यांना, आणि तेवढं बंद झालं की वाटतं सुटलो. डबे बंद करून लॅपटॉप परत देणं आणि पैसे घेणं या दुकानाला सहज जमलं असतं.

विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये "एक्सक्लूजन" नावाची एक यादी असते, म्हणजे इथे तपासू नकोस असं सांगितलेल्या जागा. आमच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. अँटिव्हायरस चालू दिसत होता, हिरवी खूणही होती, आणि तो काहीच तपासत नव्हता. हे आता शिरलेल्या चोर प्रोग्रामने केलं की आधीच्या दुकानाने टाकलेलं चोरटं विंडोज चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरने, हे सांगता येणार नाही असं दादा स्पष्ट म्हणाले. दोघंही हेच करतात. तुम्ही हे वाचताय तर विंडोज सिक्युरिटी उघडून तेवढी यादी बघाच. रिकामी असायला हवी.

यादी रिकामी करून त्यांनी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. हा विंडोजमध्येच असतो, फुकट. लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेला प्रोग्राम त्या वेळी चालू नसतो. साधारण पंधरा मिनिटांचं काम. त्यात सापडलेल्या फाइल निघाल्या. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटिव्हायरसची फुकट आवृत्ती चालवली, तिने टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरवलेली कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या यादीत, राहिलेला एक धागा दाखवला, जो दर लॉग इनला त्याच जागेहून पुन्हा फाइल उतरवायला बघत होता.

यानंतर दादा म्हणाले, "आता स्वच्छ दिसतोय. पण लोकांचे हिशोब आहेत यात, मी छातीठोक हमी देणार नाही. नवीन विंडोज टाकलेलं बरं." म्हणजे शेवटी फॉरमॅट झालाच. पण आधी माझ्या हार्ड डिस्कवर टॅलीचा डेटा, एक्सेल, फोटो उतरवले, प्रोग्रामची एकही फाइल न घेता, आणि ती डिस्क दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर तपासली. "टॅलीचं लायसन्स सरेंडर केलं का?" असंही त्यांनीच विचारलं, म्हणजे पुसण्याआधी ते या लॅपटॉपवरून सोडवून घेतलं का, की नंतर पुन्हा चालू करता येईल. हिशोबाचं काम करणाऱ्यांना या प्रश्नाची किंमत कळेल. तेवढ्यापुरतं नेट जोडून सरेंडर केलं, मग पुसला.

विंडोज त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्हवर उतरवून टाकलं. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्यामुळे नेट लागताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. आधीच्या दुकानाने "नवीन घ्यावं लागेल, नाहीतर आमचं टाकतो" असं का सांगितलं असेल, याचा मला आजही राग येतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणून ११ बसलं. लेकीला अ‍ॅडमिन नसलेलं वेगळं खातं करून दिलं. त्याने सगळं अडत नाही, पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवणं दोघींनीही बंद करायचं, हेही सांगितलं.

एकूण १,२०० रुपये घेतले. अँटिव्हायरस विकला नाही. मी विचारलं तर म्हणाले, डिफेंडर चालू ठेवा, अपडेट होऊ द्या, पुरे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची टूल्स फुकट मिळतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आणि पैसे गेले असते तर दुकानात न येता आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, हेही.

आता खटकलेलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून सेलोटेपने चिकटवलेला असतो. काउंटरपाशी उभा राहिलेला कोणीही वाचू शकतो. कुकी आणि ओटीपीबद्दल इतकं जीव तोडून सांगणाऱ्या दुकानात हे चालता कामा नये. मी बोलले, त्यांनी आमचा कागद काढला, बाकीचे तसेच होते. सोय होईपर्यंत आपण लॅपटॉप देताना तात्पुरता पासवर्ड ठेवावा. दुसरं, संध्याकाळी मिळेल म्हटलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला आणि त्यांचा फोन आला नाही, मलाच करावा लागला. जिना अरुंद आणि उंच आहे, सासूबाईंच्या वयाच्या माणसाला चढवणार नाही. एम. जी. रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको, रिक्षाने जा.

जाताना चार्जर, रिकामी हार्ड डिस्क आणि टॅली असेल तर त्याचा सिरीयल नंबर सोबत न्या. सकाळी दुकान उघडतं तेव्हा गर्दी कमी असते, दादा समोर बसून सगळं दाखवतात. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा.