नाचणीची बिस्किटं की रताळ्याच्या चकत्या?

आमच्या कुत्र्याला, मोत्याला, दोन्ही आवडतात, म्हणून निवाडा त्याच्यावर सोडण्यात अर्थ नाही. तो चपलाही आवडीने खातो.

रताळ्याचं काम सोपं. सोलायचं, बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या करायच्या, ओव्हनमध्ये १२० अंशांवर अडीच-तीन तास ठेवायच्या, मध्ये एकदा उलटायच्या. बस्स. पण जुलैत परळच्या आमच्या खोलीत सकाळची चिवट चकती संध्याकाळपर्यंत ओलसर झाली आणि तिसऱ्या दिवशी डब्यात पांढरी बुरशी! सगळा डबा कचऱ्यात. आता पावसाळ्यात चकत्या थेट फ्रिजमध्ये.

नाचणीला खटपट जास्त. एक वाटी पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं. गोळा हाताला चिकटला तर आणखी थोडं पीठ. थालीपिठासारखं थापून बाटलीच्या झाकणाने गोल कापायचं, १६० अंशांवर अर्धा तास. मोडताना ‘कट्ट’ वाजलं की झालं. नाही वाजलं तर आणखी दहा मिनिटं.

मीठ, साखर दोन्हींत नको. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी. पिनट बटर घालायचंच तर डब्यावर ‘झायलिटॉल’ (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना, ते बघा, तोही विषच.

शिवाजी पार्कला फिरवताना ‘बस’, ‘थांब’ शिकवायला माझ्या खिशात नाचणीच असते, कारण तिचे नखाएवढे तुकडे होतात. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नसतो ना! रताळं रविवारी, निवांत चघळायला.