मेंढपाळपणावरील अभ्यासवर्ग: एक अभिप्राय

आमच्या शहरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) पाळक आणि वडीलजनांसाठी भरवलेल्या तीन सायंकाळच्या अभ्यासवर्गाला मी नुकताच उपस्थित होतो. पहिली सायंकाळ बायबलमधील यहेज्केलाच्या पुस्तकातील 34 व्या अध्यायाला, म्हणजे कळपाऐवजी स्वतःलाच पोसणाऱ्या मेंढपाळांना दिलेल्या ताकिदीला, दिली होती आणि तीच सर्वांत समृद्ध ठरली. या अध्यायावर हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी केलेल्या प्रवचनाचा आधार घेत शिक्षकांनी असे उलगडले की, मेंढरांचे दूध म्हणजे लोकांनी पाळकाच्या निर्वाहासाठी दिलेले साहाय्य आणि लोकर म्हणजे त्याला मिळणारा मान. ही दोन्ही स्वीकारण्यात दोष नाही, दोष आहे तो ती घेऊन दुबळ्याला बळ न देण्यात, जखमीला पट्टी न बांधण्यात आणि हरवलेल्याला न शोधण्यात. मी स्वतः वडीलजन असल्याने हे ऐकताना मान खाली गेली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील मोलकऱ्याचा, म्हणजे लांडगा दिसताच मेंढरे सोडून पळणाऱ्या भाडोत्री राखणदाराचा, पाठ मात्र घाईत उरकला. तिसऱ्या दिवशी पोप ग्रेगरी पहिले (थोर ग्रेगरी) यांची पाळकांसाठीची शिकवण, म्हणजे श्रीमंत आणि गरीब, आनंदी आणि दुःखी यांना एकाच पद्धतीने बोध करू नये, उत्तम रीतीने मांडली गेली.

एक उणीव मला गंभीर वाटते. वाईट मेंढपाळांमुळे दुखावून मंडळी सोडून गेलेल्यांपैकी एकालाही बोलावले नव्हते. पुढील वर्गात पहिली सायंकाळ त्यांचे ऐकण्यासाठी ठेवावी, अशी विनंती मी आयोजकांना लेखी कळवली आहे.